बर्फावर थांबलेला नारळ

त्या वर्षीचा हिवाळा मॅनिओटोटोच्या पठारावर असा काही येऊन बसला, की पाण्याने आपला मूळ स्वभावच सोडून दिला. नळातले पाणी नळातच थिजले. मेंढ्यांच्या पाण्याच्या कुंड्यांवर रोज सकाळी काचेसारखे झाकण चढू लागले. लोकरीच्या शेडवरून ओघळणारे थेंब अर्ध्या वाटेत थबकून दातांसारखे लोंबत राहिले. ज्या मनुष्याने आयुष्याची पन्नास वर्षे पाण्यावर काढली, त्या मधुकर नाखव्यांना पाण्याचे हे वागणे मुळीच पसंत पडले नाही.

नाखवा मे महिन्यात आले होते. श्रीवर्धनच्या बाजूच्या कोळीवाड्यात त्यांचे घर आणि त्यांची बोट. पत्नी लीला निवर्तल्यानंतर ते घरात कुणाशी बोलेनासे झाले, तेव्हा थोरल्या चंद्रहासने हट्ट धरून त्यांना सहा महिन्यांसाठी न्यूझीलंडला आणवले. चंद्रहास डिझेल मेकॅनिक. ग्रेम नावाच्या मालकाच्या फार्मवर तो प्रथम ट्रॅक्टर दुरुस्त करावयास आला आणि हळूहळू तेथील चार हजार मेंढ्यांचाही झाला. त्याची पत्नी वासंती रॅनफर्लीच्या रुग्णालयात परिचारिका होती. नात कौमुदी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळे समजे, पण उत्तर ती इंग्रजीत देई, आणि नाखव्यांना ते उत्तर तिच्या तोंडाकडे पाहून समजे. बोट आता गावी धाकट्या सुशीलच्या हाती होती.

रोज सकाळी सातच्या सुमारास बापलेक गाडीत बसून कुंड्या फोडावयास निघत. चंद्रहास घणाचे दोन घाव घाली, झाकण तडकून त्याचे तुकडे होत, आणि ते तुकडे फावड्याने बाहेर फेकावयाचे काम नाखवा करीत. हातमोजे भिजले की बोटे प्रथम दुखत, नंतर जळत आणि शेवटी आपली वाटेनाशी होत. गाभण मेंढ्या तोंडातून वाफ सोडत रांगेने येऊन उभ्या राहत. त्यांची पोटे दोन्ही बाजूंनी फुगलेली होती आणि ऑगस्टात व्यावयास जेमतेम दोन आठवडे उरले होते. गवत संपत चालले होते, थंडी संपत नव्हती, आणि ग्रेम रोज आभाळाकडे पाहून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत असे.

नाखव्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. जूनमध्ये एकदा त्यांनी गवताचा गठ्ठा उचलावयास हात घातला, तो कमरेत कळ आली. ग्रेमने पुढे होऊन तो गठ्ठा त्यांच्या हातून अलगद काढून घेतला आणि त्यांच्या पाठीवर थोपटले. थोपटणे प्रेमाचे होते, यात शंका नाही. परंतु ज्याने सुरमईने भरलेली जाळी वादळात ओढली, त्याच्या पाठीवर एवढ्यासाठी कुणी थोपटावे, हे नाखव्यांना फार बोचले. त्या दिवसापासून त्यांनी गठ्ठ्याला हात लावला नाही.

हात मात्र रिकामे राहावयास तयार नव्हते. गवताच्या गठ्ठ्यांना निळी प्लास्टिकची सुतळी बांधलेली असे. गठ्ठा सोडला की ती कापून शेडच्या कोपऱ्यातल्या पिंपात टाकीत. त्या पिंपात चार हिवाळ्यांची सुतळी गुंतून पडली होती. नाखव्यांनी ती सोडवावयास घेतली. दुपारचे ऊन शेडच्या दारात येई तेवढा वेळ ते तेथे खोक्यावर बसत, सुतळीचे टोक पायाच्या अंगठ्यात धरीत आणि पीळ देत जात. जुलैच्या अखेरीस तीन पदरी, अंगठ्याएवढा जाड आणि पुरा तीस वाव, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी फूट, लांबीचा दोर तयार झाला. ग्रेमने तो हातात घेतला, दोन्ही टोकांनी ओढून पाहिला, आणि हा कशासाठी म्हणून विचारले.

नाखव्यांनी मुलाला सांगितले, "त्याला सांग, कशासाठी असं नसतं. दोर घरात असावा."

चंद्रहासने तसे सांगितले. ग्रेम हसला आणि त्याने स्वतः खिळा ठोकून तो दोर शेडच्या भिंतीवर टांगला.

शेडच्या मागे उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी विलोच्या झाडांच्या रांगेआड शेतीच्या पाण्याचे तळे होते. दोन टेकड्यांच्या सावलीत असल्यामुळे ते लवकर गोठे आणि उशिरा सुटे. जुलैमध्ये ते असे गोठले होते, की आसपासच्या फार्मवरची वीस-बावीस माणसे लोकरीच्या टोप्या घालून त्यावर खेळावयास आली. कर्लिंग नावाचा तो खेळ नाखव्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मूठ लावलेला भला जड दगड एक जण बर्फावरून हलकेच घसरवी, आणि दुसरे दोघे त्याच्यापुढे झाडू मारीत धावत. एरवी कधी न ओरडणारी ती माणसे त्या दिवशी दगडावर ओरडत होती. नाखवाही काठावरून दोनदा ओरडले.

तो खेळ सुरू होण्यापूर्वी ग्रेमने एक गोष्ट केली, ती नाखव्यांनी पाहिली होती परंतु मनावर घेतली नव्हती. तो काठाकाठाने पुढे जात दर दहा पावलांवर लाकूड कोरावयाच्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडी आणि आत पट्टी घालून जाडी मोजी. चार इंच भरल्याशिवाय तो पुढचे पाऊल टाकीना. त्या फार्मवर त्याचा एकच कायदा होता: त्याने मोजल्यावाचून बर्फावर कुणी पाय ठेवावयाचा नाही, मेंढी गेली तरी नाही. एका वर्षी त्याच्या तीन मेंढ्या तळ्याच्या मध्यापर्यंत गेल्या आणि खाली गेल्या. तो काठावर उभा राहून पाहत राहिला, कारण दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. चंद्रहासने ही हकिकत वडिलांना दोनदा सांगितली.

नाखवा म्हणाले होते, "समुद्राला भ्यालो नाय, आणि या डबक्याला भिऊ?"

ऑगस्टच्या मध्यावर वायव्येकडून चार दिवस ऊबदार वारा सुटला. छपरावरचे दात गळून पडले, ओढा वाहू लागला, तळ्याच्या कडा काळ्या दिसू लागल्या. ग्रेमने हायसे वाटून टोपी काढली. आणि पाचव्या दिवशी पुन्हा पूर्वीची थंडी आली. तळे पुन्हा पांढरे झाले. काठावरून पाहणाऱ्याला ते जुलैत होते तसेच दिसे.

अशात नारळी पौर्णिमा आली.

नाखव्यांच्या घरची रीत अशी होती, की घरातील वडीलधाऱ्या पुरुषाने आपल्या हाताने नारळ पाण्याला द्यावा आणि त्यानंतरच त्यांची बोट हंगामाला बाहेर पडावी. शेजारची बोट केव्हा निघते, सरकारची मासेमारीवरची बंदी केव्हा उठते, याच्याशी त्या घराला कर्तव्य नसे. चाळीस वर्षे तो नारळ नाखव्यांच्या हातून गेला होता. विमानात बसण्यापूर्वी त्यांनी सुशीलला सांगून ठेवले होते, की मी जिवंत आहे तोवर नारळ माझाच. पाणी सगळे एक आहे, तिकडून सोडला काय नि इकडून सोडला काय. सुशीलने मान डोलावली होती.

चंद्रहासने त्यांना समुद्रावर नेण्याचे कबूल केले होते. सुट्टीही घेतली होती. परंतु त्याच सकाळी किनाऱ्याकडे जाणारा घाटाचा रस्ता बर्फामुळे बंद असल्याची बातमी आली. नाखवा नवे धोतर नेसून, वर मुलाचा लोकरीचा कोट घालून आणि पायांत गमबूट चढवून तयार बसले होते. त्यांनी बातमी ऐकली आणि काही वेळ गमबुटांकडे पाहिले. मग ते म्हणाले की तळे तर आहे.

वासंतीने डनेडिनहून दोन नारळ आणले होते. एकाचा नारळीभात शिजला. दुसऱ्याला तिने सोनेरी कागद लावला, हळदकुंकू वाहिले. दुपारी तीनच्या उन्हात चौघे तळ्यावर गेले. चंद्रहासने काठाशी घणाने बर्फ फोडून सुपाएवढे भोक केले. आत काळे पाणी हलत होते. नाखव्यांनी ते पाणी पाहिले, डोळे मिटले, लीलेचे आणि एकविरेचे नाव घेतले आणि समुद्रात देतात तसा, किंचित झोका देऊन, नारळ सोडला.

चाळीस वर्षे न चुकलेला हात त्या दिवशी चुकला. हातमोज्यातली बोटे बधिर होती, म्हणून असेल. नारळ भोकाच्या कडेला आपटला, उसळला, पलीकडे पडला आणि घसरत निघाला. तो सरळ गेला, मग थोडा वळला, शेंडीवर एकदा गरकन फिरला आणि काठापासून तीन-चार वावांवर, ओढा तळ्याला मिळतो त्या बाजूस, जाऊन थांबला. उन्हात त्याचा सोनेरी कागद चकाकत राहिला.

"इट्स लाइक कर्लिंग, आजोबा," कौमुदी म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

वासंतीने तिचा दंड दाबला. चंद्रहास म्हणाला की हरकत नाही, दोन-तीन आठवड्यांत बर्फ वितळेल आणि पाणी आपला नारळ आपण घेईल. नाखव्यांनी मान हलवली. परत येताना ते सर्वांच्या मागे राहिले.

घरी पोचतात तोच सुशीलचा फोन आला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते, मागे बँडचा आवाज येत होता, बायका नटूनथटून बंदरावर निघाल्या होत्या. त्याने विचारले की नारळ सोडला का. नाखव्यांच्या तोंडून शब्द गेला, "सोडला." सुशीलने पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाला की ठीक आहे, उद्या पहाटे साडेपाचला बोट काढतो.

असत्य नाखवा आयुष्यात बोलले नव्हते असे नाही. मासळीच्या दलालाशी ते पुष्कळदा बोलले होते. पण बोटीच्या बाबतीत कधी नाही. आणि आता त्यांच्या असत्यावर पाच माणसे बसून समुद्रात जाणार होती. नारळीभाताचा घास त्यांच्या तोंडात फिरू लागला. वासंतीने सासऱ्यांना विचारले, "गोड जास्त झालं का मामा?" ते म्हणाले, "नाय गं, झकास हाय," आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला, म्हणजे तिला वाईट वाटू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्या फोडताना त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला: गावी पहाटेचे साडेपाच म्हणजे येथे किती? चंद्रहास घण मारता मारता म्हणाला, दुपारचे बारा. नाखव्यांनी फावडे भरून बर्फ बाहेर टाकला.

साडेनऊला काम आटोपले. चंद्रहास ट्रॅक्टर घेऊन वरच्या कुरणात गवत टाकावयास गेला. कौमुदी शाळेत, वासंती घरी होती. रुग्णालयात तिची पाळी दुपारची होती. नाखवा शेडमध्ये गेले आणि त्यांनी भिंतीवरचा दोर उतरवला.

त्यांनी एकदम अविचार केला असे मात्र कुणी म्हणू नये. प्रथम त्यांनी काठावरून प्रयत्न करून पाहिला. दोराच्या टोकाला लाकडाचा ठोकळा बांधून तो नारळापलीकडे फेकावा आणि ओढत आणावा, असा त्यांचा बेत होता. बारा-पंधरा वेळा त्यांनी तो फेकला. बहुतेक वेळा ठोकळा अलीकडेच पडे. दोनदा तो नारळाला लागला, पण दोर त्या गुळगुळीत कागदावरून सरकून गेला आणि नारळ हातभर आणखी पलीकडे गेला. त्यांच्या खांद्यातून कळा येऊ लागल्या. सूर्य विलोच्या शेंड्यांवर आला. त्यांनी घड्याळ पाहिले, साडेदहा वाजून गेले होते.

मग त्यांनी ठोकळा सोडून टाकला. दोराचे एक टोक विलोच्या बुंध्याला तीन वेढे देऊन बांधले, दुसरे आपल्या कमरेला न सरकणाऱ्या गाठीने बांधले. बोटीवरून पाण्यात उतरणारा मनुष्य जशी काळजी घेतो, तशी त्यांनी घेतली. चूक त्यांची एवढीच, की ही काळजी समुद्राची होती. समुद्र दगा देण्यापूर्वी सांगतो: रंग बदलतो, वास बदलतो, लाटेची चाल बदलते. नाखव्यांनी बर्फाकडे पाहिले. तो पांढरा होता आणि काहीच सांगत नव्हता. या जागेवर बावीस माणसे दगड घेऊन नाचली होती, हे त्यांना आठवले. त्यांनी एकविरेचे नाव घेतले आणि पाय ठेवला.

पहिली पाच पावले बर्फ दगडासारखा लागला. सहाव्याला कुठेतरी दूर, टेकडीच्या पायथ्याशी, शीड फाटल्यासारखा आवाज झाला. ते थांबले. काही झाले नाही. नारळ आता पाच-सहा हातांवर होता. कागदाची एक कड सुटून वाऱ्यावर फडफडत होती. येथे बर्फाचा पांढरेपणा कमी होऊन त्याला राखेचा रंग आला होता, आणि त्याखालून ओढ्याचे ऊबदार पाणी चार दिवस त्याला पोखरत गेले होते, पण ते वरून कुणाला दिसावे? नाखवा वाकले, हात पुढे केला आणि पायांखाली जमीन नव्हतीच, अशा रीतीने छातीपर्यंत खाली गेले.

ते पाणी थंड होते असे म्हणणे अपुरे आहे. त्याने त्यांचा श्वास धरून ठेवला. तोंड उघडे राहिले, पण आत काही जाईना, बाहेर काही येईना. लहानपणापासून पोहणारे हातपाय स्वतःच्या मनाने दचकून आखडले. गमबूट भरले आणि खाली ओढू लागले. त्यांनी कडेवर हात टाकला, कड बिस्किटासारखी मोडून हातात आली. दुसरीकडे टाकला, तीही मोडली. मग श्वास एकाएकी आला आणि लागोपाठ, कुत्र्याच्या धापेसारखा येत राहिला. त्या धापांतच त्यांनी एक गमबूट दुसऱ्या पायाने ढकलून काढला. कमरेचा दोर त्यांनी चाचपला. तो होता. पण तो पकडून स्वतःला ओढावे, तर बोटे मिटेनात. तीस वाव दोर आणि त्याला धरावयास हात नाहीत, असा तो प्रसंग होता.

चंद्रहास गवताचा दुसरा ढीग न्यावयास शेडकडे परतला होता. खोक्यावर वडील नव्हते. भिंतीवर नुसता खिळा होता. मेंढ्या राखणारी कुत्री उताराच्या कडेला उभी राहून एकसारखी भुंकत होती. तो धावत खाली आला, तेव्हा विलोच्या बुंध्यापासून बर्फावर गेलेली निळी रेघ आणि तिच्या शेवटी काळ्या पाण्यात वडिलांचे डोके त्याला दिसले. त्याने विचार केला नाही. त्याचा एक पाय बर्फावर पडला.

"थांब." आवाज पाण्यातून आला. घोगरा होता, तुटक होता, पण तोच आवाज होता ज्याने लहानपणी बोटीवर त्याला शिडाच्या दोरापासून दूर केले होते. "पाय मागं घे. तू आलास तर दोगंबी जाऊ. दोर कमरेला हाय. दोर वड."

चंद्रहासने पाय मागे घेतला. काठावर गुडघे रोवून त्याने दोर ओढला. दोर ताणला, नाखव्यांची छाती कडेवर आली आणि कड मोडली. पुन्हा ओढला, पुन्हा मोडली. तेव्हा त्याला ग्रेमने शिकवलेले आठवले आणि तो ओरडून सांगू लागला: "बाबा, उभं राहू नका. आडवे व्हा. हात पुढं पसरा, पाय मागं मारा, पोहल्यासारखे. मासा येतो तसे वर या."

नाखव्यांनी पाय मारले. बापाला पाय मारावयास आणि लेकाला दोर ओढावयास एक ताल हवा होता. तो कुणी प्रथम धरला हे नंतर दोघांनाही सांगता आले नाही. जाळे ओढताना त्यांच्या बोटीवर जी हाळी देत, तीच धापांच्या मधून नाखव्यांच्या तोंडून आली, आणि वीस वर्षे ती न दिलेल्या चंद्रहासने तिला काठावरून उत्तर दिले. हाळीसरशी ओढ, हाळीसरशी लाथ. चौथ्या खेपेस छाती वर आली. पाचव्यास पोट. कड कुरकुरली, पण मोडली नाही. मग तो सारा देह, भिजलेला कोट, एक गमबूट आणि एक उघडा पाय, बर्फावरून पोटावर घसरत काठाकडे आला, जसे भरलेले जाळे येते.

काठावर चंद्रहासने त्यांना कवेत घेतले. नाखव्यांचे दात वाजत होते. त्या वाजण्यातून दोन शब्द निघाले, "नारळ गेला."

चंद्रहासने वळून पाहिले. मोडलेल्या बर्फाच्या मधोमध, मोकळ्या काळ्या पाण्यात, नारळ शेंडी वर करून डुलत होता. सोनेरी कागद सुटून बाजूला तरंगत होता. ओढ्याच्या धारेने नारळाला हळूच ढकलले आणि तो बर्फाच्या कडेखाली शिरून दिसेनासा झाला.

पुढील अर्धा तास वासंतीचा होता. तिने चंद्रहासला वडिलांचे अंग चोळू दिले नाही की कढत पाणी ओतू दिले नाही. ओले कपडे कापून काढले, कोरडी पांघरुणे गुंडाळली, डोक्याला कौमुदीची गुलाबी टोपी घातली, बगलेत तापमापक ठेवले आणि रुग्णालयात फोन करून आपल्या डॉक्टरांना सगळे आकडे सांगितले. मग साखर घातलेला कोमट चहा ती चमच्याने पाजू लागली. तिचा हात स्थिर होता. आकडे वर येऊ लागले आणि डॉक्टर संध्याकाळी घरी येऊन पाहून जातो म्हणाले, तेव्हा कुठे ती बोलली.

"मामा, समुद्रानं पन्नास वर्षं सोडलं तुम्हाला, ते या डबक्यात जायला?"

नाखव्यांनी चमचा तोंडात असताना मान हलवली. तिचे म्हणणे त्यांना मान्य होते.

ग्रेम आला तेव्हा तो दारातच थांबला. त्याने टोपी काढली, नाखव्यांच्या गुलाबी टोपीकडे पाहिले आणि तिच्याविषयी काही बोलला नाही. चंद्रहासने झालेली सगळी हकिकत नारळापासून सांगितली. मालक आता कायदा मोडल्याबद्दल काय बोलणार, याची त्याला भीती होती. ग्रेमने ती शेवटपर्यंत ऐकली. मग तो खुर्ची ओढून बसला आणि चंद्रहासकडे न पाहता नाखव्यांशी बोलू लागला. कामाचा माणूस दोर बांधून जातो, असे तो म्हणाला, पण शहाणा माणूस ग्रेमला फोन करतो. बर्फ फोडावयाची, लोखंडी टोकाची वीस फुटी काठी त्याच्याकडे होती. काठावरून नारळ खाली ढकलावयास त्याला दोन मिनिटे लागली असती.

चंद्रहासने भाषांतर केले.  नाखव्यांनी पांघरुणातून हात काढून ग्रेमपुढे केला, आणि ग्रेमने तो थोपटला नाही, धरला.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच मिनिटे होती. नाखव्यांनी फोन मागितला. चंद्रहासने तो लावून त्यांच्या कानाशी धरला. तिकडे सुशीलने पहिल्याच घंटेला उचलला.

नाखव्यांनी सगळे सांगितले. काल नारळ बर्फावर राहिला होता, काल आपण खोटे बोललो, आज आपण बर्फात पडलो, आणि आज नारळ पाण्यात गेला. सांगताना त्यांनी आपल्याला कुठे सांभाळून घेतले नाही.

सुशील म्हणाला, "तुमची तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. तुजी वहिनी चमच्यानं चहा पाजते, लहान पोराला पाजतात तशी. बोट निघाली?"

"नाय." मागे लाटांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होते. "पोरं डिझेल भरून बसलीत. मी म्हटलं थांबा. काल तुमचा आवाज खोल गेलता बाबा. दलालाशी बोलता तसा. म्हटलं, फोन येईल."

नाखव्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी ते पुसले नाही, कारण दोन्ही हात पुन्हा पांघरुणात गेले होते. ते म्हणाले, "आता काढ."

सप्टेंबर उजाडला. पहिल्या पिल्लांनी कुरणात उभे राहून आपल्या पायांची परीक्षा घेतली. तळ्यावरचा बर्फ एका दुपारी सगळा एकदम सुटला. नाखव्यांची बोटे बरी झाली आणि दोन बोटांच्या टोकांना थोडे बधिरपण राहिले, तेवढे त्यांनी कुणाला सांगितले नाही. ग्रेमने विलोशेजारी एक खांब रोवला आणि त्यावर तो निळा दोर, टोकाला तरंगणारा डबा बांधून, कायमचा टांगला. खाली एक फळी हवी होती. ती रंगवावयाचे काम कौमुदीने घेतले. वरच्या ओळीत तिने इंग्रजीत लिहिले, की बर्फावर पाय ठेवू नये, आधी ग्रेमला विचारावे. मग ती आजोबांजवळ येऊन बसली आणि तेच मराठीत कसे लिहावयाचे ते विचारू लागली. एक अक्षर नाखव्यांनी जमिनीवर काठीने काढावे आणि तिने ते फळीवर उतरवावे, असे करीत दोन दुपारी गेल्या. ओळ थोडी चढत गेली होती, 'विचारावे' फळीच्या कडेला लागून दाटीने उभे राहिले.

फळी ठोकली गेली तेव्हा सगळे पाहावयास गेले. त्या खोऱ्यात ती खालची ओळ वाचू शकणारी माणसे अवघी चार होती, आणि त्यांपैकी तिघांना ती वाचण्याची गरज नव्हती.

नाखव्यांनी ती मोठ्याने वाचली. मग पुढे होऊन दोराची गाठ ओढून पाहिली.